विश्लेषण : वाघाच्या पंजात एकच गोळी! औट्रम घाटाला ज्याचे नाव मिळाले तो जेम्स औट्रम कोण होता?

जव्हार, मोखाडा परिसरात बिबट्या दिसल्याची बातमी आली, की एक प्रश्न हमखास विचारला जातो. परवान्याचे रिव्हॉल्व्हर जवळ असेल तर जंगलात जीव वाचेल का? आणि वाचणार असेल तर त्यात गोळी कोणती हवी? याचे उत्तर शोधताना एक खरी घटना हाती लागते. ती सुमारे दोनशे वर्षांपूर्वीची, आपल्याच खानदेशातली आहे. तिचा नायक म्हणजे चाळीसगाव ते कन्नड प्रवासात ज्याचे नाव आपण घेतो तो औट्रम. घाटातल्या कोंडीच्या बातम्यांतून हे नाव सगळ्यांना माहीत आहे, माणूस मात्र फारसा माहीत नाही.

इंजिनीअरचा मुलगा

जेम्स औट्रमचा जन्म २९ जानेवारी १८०३ रोजी इंग्लंडमधल्या डर्बीशायरचा. वडील बेंजामिन औट्रम हे कालवे आणि घोड्यांनी ओढायच्या गाड्यांचे लोखंडी मार्ग बांधणारे इंजिनीअर. (ट्राम हा शब्द त्यांच्या आडनावावरून आला असे वाचायला मिळते, ते चूक आहे.) जेम्स दोन वर्षांचा असताना वडील वारले आणि घरची स्थिती बिघडली. आईने ओढाताण करून मुले वाढवली. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत कॅडेट म्हणून जेम्स १८१९ मध्ये मुंबईत उतरला तेव्हा सोळा वर्षांचा होता. अंगाने किरकोळ, उंचीने बुटका.

पेशवाई बुडून तेव्हा एक वर्ष झाले होते. खानदेश कंपनीच्या हाती आला होता, पण सातपुडा, सातमाळा आणि बागलाणच्या डोंगरांत भिल्ल नाईकांचे राज्य होते. कंपनीने त्यांच्यावर फौजा पाठवल्या, काहींना फाशी दिले, तरी डोंगर शांत होईनात. मग १८२५ मध्ये धोरण बदलले. भिल्लांनाच नोकरीत घेऊन त्यांची पलटण उभारायची ठरली. ‘खानदेश भिल्ल कोअर’चे काम बावीस वर्षांच्या औट्रमकडे आले. ठाणे होते धरणगाव, आताच्या जळगाव जिल्ह्यातले.

भरती व्हायला कुणी तयार नव्हते. गोळा करून कापून काढतील अशी भीती लोकांत होती, आणि आधीची वर्षे पाहता ती चुकीची म्हणता येत नाही. औट्रमनेही सुरुवात डोंगरातल्या वस्तीवर छापा घालूनच केली. धरलेल्यांना सोडून देऊन त्याने बोलणे सुरू केले. नंतर तो पहारा न घेता वस्त्यांवर जाऊ लागला, तिथेच झोपू लागला. पण लोक त्याच्याजवळ आले ते मुख्यतः शिकारीमुळे. गुरे मारणारा वाघ उठवायला भिल्ल शिकारी खबर आणत आणि साहेब त्यांच्याबरोबर पायी निघे.

त्या दिवशी काय झाले?

खानदेशातल्या सुरुवातीच्या काळातली ही घटना. एका टेकडीच्या उतारावर, निवडुंगाच्या जाळीत वाघ असल्याची खबर आली. औट्रम पायी आणि त्याचा एक सोबती घोड्यावर असे दोघे निघाले. जाळी धुंडाळताना वाघ अगदी जवळ निघाला. सोबत्याने बार टाकला तो चुकला. वाघ डरकाळी फोडून औट्रमवर आला आणि दोघे एकमेकांत अडकून उतारावरून गडगडत खाली गेले. क्षणभर वाघाची पकड सुटली. तेवढ्यात औट्रमने जवळचे पिस्तूल काढले आणि वाघ ठार केला.

ओरखडे बरेच आले होते. भिल्ल हळहळू लागले तेव्हा त्याने मांजराने बोचकारल्याची फिकीर कशाला, अशा अर्थाचे काहीतरी बोलून विषय संपवला. ते बोलणे पुढे कित्येक वर्षे भिल्लांच्या तोंडी होते, असे त्याचा चरित्रकार फ्रेडरिक गोल्डस्मिड सांगतो.

गोळीने वाचवले की नशिबाने?

या प्रसंगाकडे शौर्यकथा म्हणून पाहण्याआधी हत्याराकडे पाहू. १८२५ मध्ये आजच्यासारखे रिव्हॉल्व्हर नव्हते. सॅम्युअल कोल्टचे पहिले पेटंट १८३५-३६ चे. औट्रमच्या काळातले पिस्तूल म्हणजे ठासणीचे, चकमकीचे. नळीत काळी दारू ओतायची, वरून शिशाचा गोळा ठासायचा आणि चकमकीची ठिणगी पडेल अशी आशा धरायची. एक बार झाला की पुन्हा भरायला अर्धा मिनिट तरी हवे. ब्रिटिश लष्कराने १८३४ मध्ये वूलविच येथे सहा हजार फैरींची चाचणी घेतली. त्यात चकमकीची बंदूक ९२२ वेळा पेटलीच नाही, म्हणजे साधारण दर साडेसहा फैरींत एकदा. टोपीच्या नव्या बंदुकीचे हे प्रमाण ३६ वर आले. वाघाच्या पंजाखाली असलेल्या औट्रमपुढे सातात एक अशी जोखीम होती, आणि दुसरी संधी नव्हती.

त्याच्या बाजूला दोन गोष्टी होत्या. एक, अंतर जवळपास शून्य होते. पिस्तुलाचा मुख्य दोष म्हणजे नेम, आणि इथे नेमाचा प्रश्नच उरला नव्हता. दुसरी, गोळ्याचे वजन. त्या काळच्या स्वारांच्या पिस्तुलात साधारण वीस-बावीस ग्रॅमचा गोळा जाई आणि तो सेकंदाला दोनशे मीटरच्या आसपास वेगाने सुटे. बारावीचे भौतिकशास्त्र आठवत असेल तर गतिज ऊर्जेचे गणित मांडा. उत्तर साडेचारशे ज्यूलच्या घरात येते.

आता आजचे आकडे पाहा. कानपूरच्या सरकारी कारखान्यातले .३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर आपल्याकडे परवान्यावर सर्रास मिळते. त्याची गोळी सव्वासहा ग्रॅमची, ऊर्जा दीडशे ज्यूलच्या आसपास. म्हणजे दोनशे वर्षांपूर्वीच्या ठासणीच्या पिस्तुलाच्या एक तृतीयांश! ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या .४५५ वेब्लीची ऊर्जा तीनशेच्या आसपास होती. .३०३ रायफलची मात्र तीन हजारांवर जाते. कमरेचे हत्यार आणि खांद्याचे हत्यार यांत एवढा फरक आहे.

केवळ ऊर्जा पुरत नाही, गोळीचा आकारही महत्त्वाचा आहे. माणसापासून बचावासाठी बनवलेली पोकळ टोकाची गोळी लागताच पसरते आणि लवकर थांबते. रानडुकराचे जाड कातडे किंवा अस्वलाची कवटी समोर असेल तर ती वरच्या वरच अडकू शकते. म्हणून जिथे अस्वलांपासून बचावासाठी रिव्हॉल्व्हर बाळगतात, तिथे जड, कठीण शिशाची, चपट्या टोकाची गोळी पसंत करतात. ती कमी पसरते पण खोल जाते. हिंदुस्थानात शिकाऱ्यांनी हाच धडा वेगळ्या रीतीने घेतला. हत्तीच्या हौद्यावर वाघ चढला तर वापरायला आखूड, दुनळी, मोठ्या बोअरची ‘हौदा पिस्तुले’ आली. तीही शेवटच्या दोन हातांसाठीच.

शिवाय वेळ. चाल करून आलेला बिबट्या ताशी ५५ किलोमीटर वेगाने तीस मीटर अंतर दोन सेकंदांत कापतो. एवढ्या वेळात हत्यार काढून, रोखून, एक गोळी झाडणे सरावलेल्यालाही अवघड. हृदयात गोळी लागली तरी मेंदूतला प्राणवायू संपेपर्यंत जनावर काही सेकंद धावू शकते. त्या प्रसंगी औट्रमच्या सोबत्याने आधी बार टाकला, तरी तो चुकला. त्याचा परिणाम औट्रमच्या अंगावर उमटला.

डांगपासून लखनौपर्यंत

मोखाड्याहून त्र्यंबक, पेठ, सुरगाणा धरून उत्तरेला गेले की डांग लागतो. डोंगर तेच, साग तोच, कोकणा आणि वारली वस्त्याही ओळखीच्या. १८३० मध्ये औट्रमने भिल्ल पलटण घेऊन या डांगातल्या राजांवर मोहीम केली. ज्या भिल्लांशी शिकारीत मैत्री केली त्यांनाच पुढे घालून शेजारच्या भिल्लांना नमवले. पुढच्या काळात डांगचा साग कंपनीच्या हाती गेला. ही बाजू त्याच्या गौरवगाथांमध्ये सहसा येत नाही.

वाघांचे काय झाले? १८२५ ते १८३४ या काळात औट्रम आणि त्याच्या सोबत्यांनी दोनशेहून अधिक वाघ मारले. खानदेशातल्या शेतकऱ्याला तेव्हा ते हवेच होते. पण एका तुकडीचा दहा वर्षांचा हा आकडा वाचताना आज दचकायला होते.

उरलेले आयुष्य धावपळीचे. १८३५ मध्ये गुजरातेतल्या महीकांठ्यात, मग अफगाण युद्ध, मग सिंध. सिंध खालसा करण्यावरून सेनापती चार्ल्स नेपियरशी त्याचे कायमचे बिनसले आणि लुटीतला वाटा त्याने स्वतःकडे न ठेवता दान केला. १८४४-४५ मध्ये कोल्हापूर, सावंतवाडीकडच्या गडकऱ्यांच्या उठावावर तो होता, त्यानंतर साताऱ्याचा रेसिडेंट झाला. बडोद्यात त्याने सरकारी लाचखोरीवर अहवाल लिहिला. त्यात आपला ‘खटपट’ हा शब्द जसाच्या तसा इंग्रजी कारभारात गेला. या खटपटीची बक्षिसी म्हणून मुंबई सरकारने त्याला पदावरून हटवले. तो परतला वरून आदेश आल्यावर.

१८५६ मध्ये अवध खालसा झाले तेव्हा लखनौचा रेसिडेंट औट्रमच होता. पुढच्याच वर्षी त्याच लखनौच्या वेढ्यात तो अडकला. मदतीला निघालेल्या फौजेचा तो वरिष्ठ, पण नेतृत्व त्याने हॅवलॉककडे राहू दिले आणि स्वतः स्वयंसेवक घोडेस्वारांत सामील झाला. तोवर अधिकाऱ्यांकडे अ‍ॅडम्सची रिव्हॉल्व्हरे आली होती. या गृहस्थाच्या हाती मात्र जाड वेताची काठी होती. १८६० मध्ये तो खचलेल्या प्रकृतीने मायदेशी गेला, ११ मार्च १८६३ रोजी फ्रान्समधल्या पो येथे वारला. दफन लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत.

आज जव्हार-मोखाड्यात कायदा काय सांगतो?

या भागात वाघोबाचे दगडी देव आहेत, वाघबारस पाळली जाते. आता जंगलात वावर आहे तो बिबट्याचा, आणि बिबट्या वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. शिकार केल्यास किमान तीन वर्षे कैद. पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना शस्त्र कायदा, १९५९ मध्ये आजही आहे. औट्रमच्या काळातले तंत्र कायद्यात अजून जिवंत आहे म्हणायचे. पण तो परवाना राखणीचा, शिकारीचा नव्हे.

स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना, सद्‍भावनेने जनावर मारले गेले तर तो गुन्हा नाही, असे १९७२ च्या कायद्याचे कलम ११ म्हणते. मात्र त्याच कलमात अट आहे : बचावाची वेळ आली तेव्हा माणूस या कायद्याचा भंग करीत असेल, म्हणजे शिकारीलाच गेला असेल, तर ही सूट नाही. निवडुंगाच्या जाळीत वाघ धुंडाळणारा औट्रम आज या अटीतच अडकला असता.

बिबट्या वस्तीजवळ दिसल्यास पाठलाग, दगडफेक किंवा जाळी धुंडाळणे टाळावे, मुलांना घरात घ्यावे, रात्री एकट्याने शेतावर जाऊ नये आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.