हेर्मान फ्योटिंगर आणि गिअरबॉक्सचे तेल

आपल्या नियतकालिकाच्या मराठी आणि कन्नड, दोन्ही विभागांत थोरांची चरित्रे नेमाने येतात. बहुधा ती संतांची, साहित्यिकांची किंवा देशभक्तांची असतात. मी मात्र यंदा एका यंत्रज्ञाची ओळख करून देणार आहे. अभियांत्रिकीच्या जगात हेर्मान फ्योटिंगर हे नाव मोठे आहे. पण त्यांच्या शोधावर रोज मोटार हाकणाऱ्या बहुतेकांनी ते कधी ऐकलेले नसते. या महाविद्यालयातून बाहेर पडल्यावर मी सिल्वासातील डोकमर्डी येथे गिअरबॉक्स-दुरुस्तीच्या व्यवसायात शिरलो. तेव्हापासून या गृहस्थाशी माझा रोजचा संबंध आहे.

फ्योटिंगर यांचा जन्म ९ फेब्रुवारी १८७७ रोजी जर्मनीतील न्यूरेंबर्ग येथे झाला. म्युनिकच्या तंत्रविद्यालयात त्यांनी विद्युत् अभियांत्रिकीचा अभ्यास केला आणि १८९९ मध्ये ते श्टेटिनच्या व्हुल्कान या जहाज बांधणाऱ्या कारखान्यात रुजू झाले. विजेचा विद्यार्थी जहाजांच्या कारखान्यात गेला, हा योगायोग पुढे फार फलदायी ठरला.

त्या काळी जहाजांत वाफेच्या टर्बाइन नुकत्याच येऊ लागल्या होत्या. टर्बाइन अतिशय वेगाने फिरली तरच किफायतशीर चालते. उलट पाण्यातला पंखा सावकाश फिरला तरच जहाजाला नीट रेटतो. या दोघांची सांगड कशी घालायची? एवढ्या प्रचंड शक्तीचे दातेरी चक्र अचूक कापण्याची कला तेव्हा पुरती साधलेली नव्हती. फ्योटिंगर यांनी आधी विजेचाच विचार केला: टर्बाइनने जनित्र फिरवावे आणि त्या विजेवर मोटर चालवावी. पण ते प्रकरण फार जड आणि महाग होणार होते. मग त्यांनी विजेच्या जागी पाणी आणले. टर्बाइनने पंप फिरवायचा, पंपाच्या पाण्याने दुसरे चाक फिरवायचे. दोहोंमधल्या नळांत शक्ती वाया जाते, म्हणून त्यांनी नळच काढून टाकले आणि दोन्ही चाके एका पेटीत समोरासमोर बसवली. मध्ये झोताला वळण देणारे तिसरे, स्थिर चाक ठेवले. या तिसऱ्या चाकामुळे वेग घटतो, पण टॉर्क म्हणजे पीळ देण्याचा जोर वाढतो. १९०५ साली त्यांनी याचे एकस्व घेतले. आज मोटारीत ज्याला टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात, तो हाच.

एका छोट्या प्रयोगनौकेवर यश आल्यानंतर हे यंत्र मोठ्या जहाजांवर चढले. हांबुर्गहून हेल्गोलँड बेटावर प्रवासी नेणाऱ्या ‘क्योनिगिन लुईझे’ या १९१३ च्या जहाजावर ते होते. पहिले महायुद्ध पेटताच या जहाजाला सुरुंग पेरण्याच्या कामी लावण्यात आले आणि ५ ऑगस्ट १९१४ रोजी इंग्रजांनी ते बुडवले. त्या युद्धात जर्मन आरमाराने गमावलेले हे पहिले जहाज.

यंत्रालाही फार काळ लाभला नाही. त्याची कार्यक्षमता नव्वद टक्क्यांच्या आसपास होती. तेवढ्यात चांगली दातेरी चक्रे तयार होऊ लागली आणि त्यांत शक्तीचा अगदी थोडाच अंश वाया जाई. ज्या कामासाठी शोध लावला, त्याच कामातून तो हद्दपार झाला. फ्योटिंगर १९०९ मध्येच डान्त्सिगच्या तंत्रविद्यालयात प्राध्यापक म्हणून गेले होते. १९२४ पासून ते बर्लिनला होते. प्रवाहशास्त्र हा त्यांचा विषय. त्यांच्या नावावर शंभराहून अधिक एकस्वे आहेत. माणूस हरून बसणारा नव्हता, एवढे यावरून दिसते.

शोध मात्र जमिनीवर आला. १९३० च्या सुमारास इंग्लंडमधील डेमलर मोटारींत त्याचे साधे रूप, म्हणजे स्थिर चाक नसलेला द्रव-जोड, बसू लागला. १९३९ मध्ये जनरल मोटर्सने ‘हायड्रामॅटिक’ ही स्वयंचलित गिअरपेटी बाजारात आणली. तीतही हाच जोड होता. पाण्याच्या जागी आता तेल आले. आपल्याकडे मनमोहन सुरी यांनी रेल्वेच्या डिझेल इंजिनांसाठी याच तत्त्वावर नवी संचारण-पद्धती रचली आणि १९६२ चे भटनागर पारितोषिक मिळवले. त्या पद्धतीच्या पेट्या पुण्याच्या किर्लोस्कर न्यूमॅटिकने बनवल्या.

पण जहाजावर जी उणीव नडली, ती आजही टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या प्रत्येक स्वयंचलित मोटारीत आहे. दोन चाकांच्या वेगात फरक असल्याशिवाय तेल जोर पोचवत नाही, आणि त्या फरकात जी शक्ती जाते तिची उष्णता होते. शंभर किलोवॅटचे इंजिन पूर्ण जोरात असताना दहा टक्के गेले, तर दहा किलोवॅट झाले. म्हणजे एक किलोवॅटच्या दहा शेगड्या तेलाखाली पेटवल्यासारखे! सपाट रस्त्यावर आधुनिक गाडीतला कुलूप-क्लच दोन्ही चाके एकत्र बांधतो आणि ही गळती थांबते. मागे ओझे जोडून चढ चढताना मात्र तो वारंवार सुटतो.

आमच्याकडे एक गृहस्थ ट्रेलरवर होडी लादून खानवेलच्या चढांवरून दुधनीच्या जलाशयाकडे नेत असत. गाडी गिअर बदलताना हिसके देऊ लागली म्हणून ती माझ्याकडे आली. नवे तेल लालभडक असते. त्यांचे निघाले कोऱ्या चहासारखे, करपट वासाचे. हे तेल आयुष्यभर बदलावे लागत नाही, अशी त्यांची समजूत होती. पुष्कळ गाड्यांच्या पुस्तिकांत ओढकामासाठी बदलीचे अंतर बरेच कमी दिलेले असते. ते पान सहसा कोणी उघडत नाही. ढोबळ हिशेब असा की, ऐंशी-नव्वद अंशांच्या वर दर दहा-अकरा अंशांना तेलाचे आयुष्य निम्मे होते. तेल आंबले की क्लचच्या चकत्या घसरतात, घसरल्या की आणखी तापतात.

बदलतानाही एक खुबी आहे. खालचा बूच काढला तर साधारण तिसरा ते निम्मा हिस्साच उतरतो; बाकीचे फ्योटिंगर यांच्या पेटीतच राहते. म्हणून थोडी थोडी गाडी चालवून दोन-तीनदा बदलावे. तेल पुस्तिकेत सांगितलेल्याच जातीचे हवे, आणि पातळी पुस्तिकेत दिलेल्या तापमानाला, पुष्कळ गाड्यांत इंजिन चालू ठेवून, पाहावी. ओढकाम नेहमीचे असेल तर तेल थंड करणारी वेगळी जाळी बसवावी, असे मी सर्वांना सांगतो. निम्मे लोक ऐकतात. एक गोष्ट ऐकून विद्यार्थ्यांना नवल वाटेल: १९७० च्या दशकाच्या आरंभापर्यंत या तेलात देवमाशाचे तेल मिसळत. त्यामुळे क्लच मऊपणे धरत असे. अमेरिकेत त्यावर बंदी आल्यावर रसायनशास्त्रज्ञांना पर्यायासाठी बरीच धडपड करावी लागली.

यातले फार थोडे फ्योटिंगर यांना पाहायला मिळाले. युद्धकाळातही ते बर्लिनलाच होते. २८ एप्रिल १९४५ रोजी, शहरात लढाई चालू असताना, तोफगोळ्याचा तुकडा लागून त्यांचा अंत झाला. तेव्हा ते ६८ वर्षांचे होते. त्यानंतर दहा दिवसांनी युरोपातल्या तोफा थांबल्या. श्टेटिन आणि डान्त्सिग ही त्यांच्या कर्तृत्वाची दोन्ही शहरे पुढे पोलंडकडे गेली.