अर्देशीर करसेटजी वाडिया

पेणजवळच्या धरमतर खाडीत किंवा रोह्याच्या कुंडलिका नदीत होडीचे यंत्र बिघडले, तर आज आपलाच एखादा कारागीर ते खोलून दुरुस्त करतो. परंतु ही विद्या भारतीयांना साधणार नाही, असे मानणारे गोरे लोक एके काळी पुष्कळ होते. त्यांचा समज खोटा ठरवला अर्देशीर करसेटजी वाडिया यांनी.

अर्देशीरांचा जन्म १८०८ साली मुंबईत झाला. त्यांचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या तेथील गोदीत लाकडी जहाजे बांधीत असे. अर्देशीरांचे मन मात्र वाफेच्या यंत्राने वेधून घेतले. १८३३ साली, ऐन पंचविशीत, त्यांनी ‘इंडस’ हे छोटे जहाज बांधले आणि पुढे त्यात वाफेचे यंत्र बसवले.

अधिक ज्ञान मिळवण्यासाठी १८३९ साली ते इंग्लंडला गेले. १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्यत्व त्यांना मिळाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय होत. त्याच वर्षी ते मुंबईच्या आगबोट कारखान्याचे मुख्य अभियंता व यंत्रनिरीक्षक झाले. युरोपियन कारागिरांनी एका भारतीयाच्या हुकमतीत काम करावे, हे अनेकांना खपले नाही; वृत्तपत्रातूनही टीका झाली. अर्देशीर डगमगले नाहीत. १८५१ साली त्यांनी ‘लवजी फॅमिली’ ही आगबोट पाण्यात सोडली. तिच्या यंत्राचे भाग त्यांच्या घरच्याच ओतशाळेत घडले होते.

१८५७ पर्यंत त्यांनी ते पद सांभाळले. १८७७ साली इंग्लंडमधील रिचमंड येथे त्यांचे निधन झाले. यंत्र चालवणाऱ्याचा वर्ण पाहत नाही, ते केवळ त्याचे कौशल्य ओळखते, हेच त्यांच्या चरित्रावरून दिसून येते.