टिळकांचा मधुमेह आणि मंडालेतला सातू

लोकमान्य टिळकांच्या चरित्रात खटले, केसरी आणि गीतारहस्य यांविषयी पुष्कळ लिहिले गेले. त्यांच्या मधुमेहाचा उल्लेख मात्र ओझरताच होतो.

टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीचा. लहानपणी प्रकृती किरकोळ होती. डेक्कन कॉलेजात गेल्यावर पहिले वर्ष त्यांनी अभ्यास बाजूला ठेवून व्यायाम, पोहणे आणि सकस आहार यांत घालवले. तेव्हा कमावलेले शरीर पुढे जन्मभर कामी आले. तरी १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यानंतरच्या तुरुंगवासाने ते खंगले.

२२ जुलै १९०८ रोजी, बावन्नाव्या वाढदिवसाच्या आदल्या रात्री, त्यांना सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली. तोवर मधुमेह जडलेला होता. शिक्षा पुढे साध्या कैदेत बदलली आणि त्यांना ब्रह्मदेशातील मंडालेच्या तुरुंगात ठेवले गेले. लाकडी गजांची खोली, उन्हाळ्यात भाजणारी, हिवाळ्यात गारठवणारी. स्वयंपाकाला एक मराठी कैदी मिळाला.

त्या काळी मधुमेहावर खात्रीचे औषध नव्हते. इन्सुलिन नाही, गोळ्या नाहीत. उपाय एकच, पथ्य. युरोपातही व्हॉन नूर्डेन हे नामांकित डॉक्टर रुग्णांना ओटचा आहार देत. टिळकांनी भात आणि गहू सोडून कैदेचा मोठा काळ सातूवर, म्हणजे जवावर काढला. जवात बीटा-ग्लुकन नावाचा विरघळणारा तंतू असतो. तो आतड्यात बुळबुळीत होतो आणि साखर रक्तात सावकाश उतरते. मेथीदाण्यातही अशाच जातीचा तंतू असतो.

पथ्य कडक होते आणि वर्षानुवर्षे पाळलेले होते. त्याच्या आधाराने १९१०-११ च्या हिवाळ्यात त्यांनी पेन्सिलीने गीतारहस्य लिहून काढले. जर्मन, फ्रेंच, पाली या भाषांचा अभ्यास केला. जून १९१४ मध्ये ते सुटले; १९१६ मध्ये होमरूल लीग काढली, १९१८ मध्ये साठी ओलांडल्यावर इंग्लंडला गेले आणि वर्षभराने परतले.

पण पथ्यालाही मर्यादा असते. जुलै १९२० मध्ये मुंबईत सरदारगृहात मुक्कामी असताना त्यांना ताप आला. त्याचा न्यूमोनिया झाला आणि १ ऑगस्टला मध्यरात्रीनंतर त्यांची प्राणज्योत मालवली. वय चौसष्ट. मधुमेही शरीराला जंतुसंसर्ग जास्त जड जातो, आणि पेनिसिलिनचा शोध लागायला अजून आठ वर्षे होती. पुढच्याच वर्षी टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन मिळवले. जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला ते टोचले गेले आणि मरणाच्या दारातून तो परतला. टिळकांच्या निधनाला तेव्हा दीड वर्षही झाले नव्हते.

टिळकांपुढे निवडच नव्हती. आज वाशी, नेरूळ, पनवेलच्या दुकानांत जांभूळबियांची पूड, कारल्याचा रस आणि मधुनाशिनीच्या गोळ्या सहज मिळतात आणि त्यांच्या भरवशावर काही जण चालू औषध बंद करतात. या वनस्पतींत साखर थोडी कमी करणारी द्रव्ये आहेत; पण पुडीगणिक त्यांचे प्रमाण बदलते आणि परिणाम औषधाइतका भरवशाचा नसतो. वनस्पतीतून औषध घडवता येते, याचे उदाहरण मेटफॉर्मिन. तिचे मूळ युरोपातल्या गॅलेगा या झुडपात आहे. त्यातल्या द्रव्याचा धागा धरून रसायनशास्त्रज्ञांनी सुरक्षित रेणू बनवला आणि १९५७ पासून ठरलेल्या मात्रेत तो वापरात आला.

म्हणून कारले, मेथी, जव ताटात जरूर असावेत, पण गोळीच्या जागी नव्हे. साखर उतरवणाऱ्या गोळ्यांसोबत असा रस किंवा पूड घेतल्यास साखर एकदम खाली येऊन घाम, थरथर, चक्कर येऊ शकते. डॉक्टरांना सांगूनच घ्यावे. इन्सुलिन तर परस्पर कधीच थांबवू नये. ताप आला तर साखर लगेच तपासावी, आणि फ्लू व न्यूमोनियाच्या लशींबद्दल विचारावे. या लशी, प्रतिजैविके आणि इन्सुलिन यांपैकी काहीही सरदारगृहातल्या त्या खोलीत नव्हते.