महात्मा फुले यांचे आजारपण

येत्या २८ नोव्हेंबरला महात्मा जोतीराव फुले यांची पुण्यतिथी. दरवर्षी आपण फोटोला हार घालतो, मुलींची शाळा, पाण्याचा हौद, सत्यशोधक समाज एवढे सांगून होते आणि मग चहा. आम्हीही इतकी वर्षे तेवढेच सांगत आलो. यंदा त्यांच्या चरित्राची शेवटची पाने आम्ही वेगळ्याच कारणाने वाचली.

गेल्या श्रावणात आमच्या थोरल्या बंधूंना लकव्याचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय गेला. वहिनी, पुतण्या, सूनबाई आणि आम्ही उभयतांनी इस्पितळातल्या बाकावर तीन रात्री काढल्या. कुणी जप करत होते, कुणी पावागडच्या देवीला नवस बोलले, कुणी मोबाइलवर डॉक्टरांची नावे शोधत होते. आमच्या पिशवीत धनंजय कीर यांनी लिहिलेले जोतीरावांचे चरित्र होते, कारण पुण्यतिथीला चार शब्द बोलायचे आमच्याकडे आले होते. वाचता वाचता कळले, की जोतीरावांनाही हेच दुखणे होते आणि तीच उजवी बाजू.

जोतीरावांचा जन्म १८२७ चा, पुण्याचा. आई चिमणाबाई ते अगदी तान्हे असताना गेल्या. नात्यातल्या सगुणाबाई क्षीरसागर यांनी त्यांना वाढवले. १८४० मध्ये नायगावच्या खंडोजी नेवसे पाटलांच्या मुलीशी, सावित्रीबाईंशी, लग्न झाले. नवरा तेरा वर्षांचा, नवरी नऊ. १८४८ मध्ये भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली आणि लवकरच या कामापायी वडील गोविंदरावांनी मुलाला आणि सुनेला घराबाहेर काढले. उस्मान शेख यांनी आसरा दिला. हे सर्वांना पाठ आहे, म्हणून त्यावर थांबत नाही. लक्षात घ्यायचे ते एवढेच, की या माणसाला घर आयते मिळाले नव्हते. आई नाही, बापाने बाहेर काढलेले. पुढे जे घर दिसते ते दोघांनी एकेक माणूस जोडून उभे केलेले आहे.

त्यातला सगळ्यात मोठा जोड यशवंत. विधवा गरोदर राहिली तर तिला जीव देण्यावाचून गत नसे. अशा बायकांना गुपचूप बाळंत होता यावे म्हणून जोतीराव-सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. काशीबाई नावाच्या एका ब्राह्मण विधवेचे मूल त्यांनी १८७४ मध्ये दत्तक घेतले. जोतीरावांना स्वतःचे मूल नव्हते. दुसरे लग्न कर, हा त्या काळचा सरधोपट सल्ला त्यांनी मानला नाही.

आजारपणातही घराला घर कसे राखायचे, याचा एक प्रसंग बराच आधीचा आहे. १८५६ मध्ये सावित्रीबाई आजारी पडून माहेरी नायगावला गेल्या होत्या. तिथून ऑक्टोबर महिन्यात त्यांनी जोतीरावांना लिहिलेले पत्र छापलेले आहे. प्रकृतीला उतार पडल्याची खबर त्यात आहे आणि दुखण्यात भावाने किती केले त्याचे कौतुकही. आणि त्याच भावाशी झालेला वादही आहे. जातीने टाकलेल्या नवऱ्याच्या नादी लागून तू हे काय करतेस, असा त्याचा सूर. अंथरुणातून नुकत्या उठलेल्या सावित्रीबाईंनी त्याला नवऱ्याच्या कामाचे मोल समजावून सांगितले आणि आईने लेकीची बाजू घेतली. आपण नाही तर शाळेचा सगळा भार फातिमाबाईंवर पडला असेल, ही काळजीही त्यांनी कळवली आहे. उशाशी बसून सेवा करणारा माणूस आपल्या मताचा असतोच असे नाही. आमच्याकडेही त्या तीन रात्रींत अंगारा लावणारे आणि न लावणारे एकाच डब्यातून जेवत होते.

आता मूळ गोष्टीकडे. १८८८ हे वर्ष जोतीरावांच्या मानाचे होते. ११ मे रोजी मुंबईत मांडवीच्या कोळीवाड्यात मोठी सभा भरली आणि त्यांना महात्मा ही पदवी दिली गेली. लवकरच, जुलैमध्ये, अर्धांगवायूचा झटका आला. इकडे आपण लकवा म्हणतो तोच. उजवे अंग लुळे पडले. वय एकसष्ट. त्यांचे मित्र आणि सत्यशोधक समाजातले सहकारी डॉ. विश्राम रामजी घोले यांनी औषधोपचार केले. त्या काळी या दुखण्यावर आजच्यासारखी इंजेक्शने नव्हती. मालिश, काढे, विश्रांती आणि वाट पाहणे, इतकेच हाती होते. दिवाळी उलटून गेल्यावर हळूहळू उतार पडला, पण उजवा हात पूर्वीसारखा झाला नाही.

इथे आमच्यातला बँकवाला मधे बोलतो, त्याला क्षमा असावी. जोतीरावांनी आपले मृत्युपत्र झटका येण्याच्या वर्षभर आधी, १८८७ च्या जुलैमध्ये, धडधाकट असताना करून नोंदवले होते. मिळकत सावित्रीबाई आणि यशवंत यांना. यशवंत नालायक निघाला तर काय करायचे, तेही लिहून ठेवले होते. नोकरीत असताना आम्ही किती घरे पाहिली, की कर्ता माणूस अतिदक्षता विभागात आणि बाहेर भाऊ-भाऊ खात्याचा नंबर विचारत आहेत. नामनिर्देशनाचा अर्ज भरायला सांगितला की लोकांना अपशकुन वाटतो. जोतीरावांना शुभाशुभाचे भय नव्हते म्हणून ते काम वेळेवर झाले, असे आमचे मत आहे.

पैशाची बाजू मात्र नाजूक होती. जोतीराव गरीब होते हा एक गैरसमज आहे. ते ठेकेदारी करत. खडकवासल्याच्या धरणाला त्यांनी दगड पुरवले, येरवड्याच्या पुलाच्या कामात ते होते. पुणे नगरपालिकेचे सभासदही होते. पण मिळवले ते शाळांत, वसतिगृहात, प्रसूतिगृहात आणि दुष्काळातल्या अन्नछत्रांत गेले. अंथरुणाला खिळल्यावर मिळकत थांबली आणि खर्च चालूच राहिला. औषधे, येणारीजाणारी माणसे, यशवंताचे शिक्षण. हिशेब करणाऱ्याला हे चित्र लगेच कळते.

अशा घरात त्यांनी काय केले? एक, मुलाचे लग्न केले. विधवेच्या पोटच्या, दत्तक घेतलेल्या मुलाला कोण मुलगी देणार? हडपसरचे ग्यानोबा कृष्णाजी ससाणे हे सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते. त्यांनी आपली मुलगी राधा दिली. ४ फेब्रुवारी १८८९ रोजी सत्यशोधक पद्धतीने, भटजीवाचून, हे लग्न लागले. सासऱ्याचा उजवा हात चालत नव्हता आणि घरात सून आली. राधेची लक्ष्मी झाली. सावित्रीबाईंनी तिला शिकवण्याचीही सोय केली. आमच्या वहिनींना हे वाचून दाखवले तेव्हा त्या म्हणाल्या, की आजारी माणसाच्या घरात एवढी गडबड कशाला. मग थोड्या वेळाने स्वतःच म्हणाल्या, की नातवंडाची मुंज पुढे ढकलायला नको.

दुसरे, पुस्तक पूर्ण केले. सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक लिहायचे मनात होते आणि उजवा हात निकामी. जोतीराव डाव्या हाताने लिहायला लागले. हे ऐकायला सोपे वाटते. बँकेत आम्ही लकवा झालेले कितीतरी खातेदार पाहिले. बहुतेक जण अंगठ्यावर येतात. एखादाच घरी वहीवर गिरवून डाव्या हाताची सही तयार करतो आणि नवा नमुना द्यायला येतो, त्याला महिनेच्या महिने लागतात. इथे प्रश्न सहीचा नव्हता, आख्ख्या पुस्तकाचा होता. १ एप्रिल १८८९ रोजी ते पूर्ण झाले.

या पुस्तकाबद्दल आपल्या सभासदांपैकी काहींच्या मनात अढी असेल, कारण त्यात पुरोहितशाहीवर, पूजाअर्चेवर, ग्रहताऱ्यांवर कडक टीका आहे. आमच्या देवघरातही गणपती आहे, हे लपवत नाही. पण जोतीराव नास्तिक नव्हते. सर्व निर्माण करणाऱ्याला ते निर्मिक म्हणत, आणि त्याच्याजवळ जायला मध्यस्थ लागत नाही, ही त्यांची श्रद्धा होती. म्हणून त्यांच्या आजारपणात अनुष्ठान नाही, ग्रहशांती नाही. भीतीच्या वेळी माणसाची मते ढिली होतात, हे आपण रोज पाहतो. आयुष्यभर एक बोलणारा माणूस आयसीयूच्या दारात दुसरेच कबूल करतो आणि त्यात लाज वाटण्याजोगे काही नाही. जोतीरावांची ढिली झाली नाहीत. अंथरुणावरून त्यांनी जे लिहिले ते आधी बोलत होते तेच, अधिक नीट मांडलेले.

त्या पुस्तकात एका कुटुंबाची कल्पना केली आहे. घरातल्या बाईला बुद्धाचा धर्म पटला तर तिने तो घ्यावा, नवऱ्याला ख्रिस्ताचा पटला तर त्याने तो, मुलीला कुराण वाचून इस्लाम पटला तर तिने तो, आणि मुलाला वाटले तर त्याने सत्यधर्म. सगळ्यांनी एकाच घरात राहावे, एकमेकांचा हेवा करू नये, आपण सारी एकाच निर्मिकाची लेकरे आहोत हे जाणून प्रेमाने वागावे. स्त्रीपुरुषांत स्त्रीला त्यांनी श्रेष्ठ मानले आहे. हे लिहिणाऱ्याला त्या दिवसांत घास भरवणारी आणि उठवून बसवणारी सावित्रीबाईच होती, हे आठवले की ती पाने वेगळी वाटतात.

आता बडोद्याचा संबंध. जोतीरावांनी शेतकऱ्याचा असूड लिहिले तेव्हा त्यातला मजकूर श्रीमंत सयाजीराव महाराजांना वाचून दाखवला होता. महाराजांनी राज्यकारभारातून वेळ काढून तो आवडीने ऐकला आणि पैशाची मदतही केली, याची कृतज्ञ नोंद जोतीरावांनी त्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत केली आहे. महाराज तेव्हा विशीतले. स्वतः कवळाण्याच्या शेतकरी घरातून दत्तक आलेले. पुढे १८८५ मध्ये त्यांच्या पहिल्या पत्नी चिमणाबाई क्षयाने गेल्या, आणि १८८७ मध्ये त्यांनी पहिली युरोपयात्रा केली तीही प्रकृतीसाठीच. आजारपण घराला कसे पोखरते, हे त्यांना सांगावे लागले नसावे.

१८९० च्या जुलैअखेर मुंबईहून मामा परमानंद यांनी महाराजांना पत्र लिहिले. मामा प्रार्थना समाजाचे. जोतीरावांशी त्यांचे सगळ्या बाबतीत एकमत नव्हते. पण जोतीरावांची हलाखी त्यांनी मोकळेपणाने कळवली आणि सावित्रीबाईंच्या धैर्याची वाखाणणी नवऱ्याच्याही वर केली. जोतीरावांनी स्वतः हात पसरले नाहीत, मित्राने त्यांच्यासाठी शब्द टाकला. आपल्याकडे आजाऱ्याची पैशाची ओढ झाकून ठेवण्याची रीत आहे. तेवढ्यापायी औषध उशिरा सुरू झालेली माणसे आम्हाला ठाऊक आहेत. मदत मागायला असा एखादा मामा लागतो.

बडोद्याची मदत पोचली, पण जोतीराव गेल्यावर. सावित्रीबाईंसाठी एक हजार रुपये आले. ते व्याजाने गुंतवून व्याजाची रक्कम त्यांना मिळावी अशी व्यवस्था झाली. खर्चून टाकायला न देता बाईंच्या हयातीचा विचार करून मुद्दल ठेवणारा जो कोणी असेल त्याला हिशेब कळत होता. तरी आधी आले असते तर, हे मनात येतेच.

२८ नोव्हेंबर १८९० च्या पहाटे, दोनच्या सुमारास, जोतीराव गेले. सावित्रीबाई, यशवंत, सूनबाई जवळ होती. आपल्याला जाळू नये, घरामागच्या जागेत मिठात पुरावे अशी त्यांची इच्छा होती आणि खड्डाही तयार करून घेतलेला होता. वस्तीत पुरायला नगरपालिकेची परवानगी मिळाली नाही, म्हणून दहन करावे लागले. अंत्ययात्रेच्या वेळी भाऊबंदांनी वाद काढला. टिटवे धरायचा मान दत्तक मुलाला कसा, असे त्यांचे म्हणणे. मेलेल्या माणसाच्या दारात होणाऱ्या अशा भांडणाला काय म्हणावे! सावित्रीबाई पुढे आल्या, टिटवे स्वतःच्या हाती घेतले, यात्रेच्या पुढे चालल्या आणि अग्नीही त्यांनीच दिला. पुढे अस्थी घरामागच्या त्या जागेत ठेवल्या. पुण्यात फुलेवाड्यात गेलात तर ती जागा पाहायला मिळते.

डाव्या हाताने लिहिलेले पुस्तक १८९१ मध्ये यशवंताने छापून प्रसिद्ध केले. तो डॉक्टर झाला, लष्करात लागला. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगचा कहर झाला तेव्हा सावित्रीबाईंनी त्याला बोलावून घेतले आणि हडपसरजवळ ससाण्यांच्या माळावर, म्हणजे सुनेच्या माहेरच्या जागेत, दवाखाना सुरू केला. सूनबाई तोवर राहिल्या नव्हत्या, १८९५ मध्येच गेल्या होत्या, पण व्याह्यांचे घर तुटले नव्हते. मुंढव्याहून प्लेग झालेल्या एका मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात आणले. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी, मुलाच्याच दवाखान्यात, त्या गेल्या.