मथळ्यापलीकडची ख्रिस्तीन

१ डिसेंबर १९५२ रोजी न्यूयॉर्कच्या ‘डेली न्यूज’ या दैनिकाने पहिल्या पानावर एका माजी अमेरिकन सैनिकाची कहाणी छापली. कोपनहेगनमधील शस्त्रक्रियांनंतर हा सैनिक आता सोनेरी केसांची तरुणी झाला आहे, असा त्या बातमीचा आशय होता. कोरियात युद्ध चालू होते, अमेरिकेने हायड्रोजन बॉम्बची पहिली चाचणी घेऊन जेमतेम महिना लोटला होता. तरीही पुढे कित्येक आठवडे लोकांच्या तोंडी ख्रिस्तीन जॉर्गेन्सन हेच नाव होते. आई-वडिलांना सारे समजावून सांगण्यासाठी लिहिलेले खासगी पत्रही चव्हाट्यावर आले. ज्यांच्याविषयी हा गदारोळ चालला होता, त्या ख्रिस्तीन तेव्हा कोपनहेगनच्या रुग्णालयात खाटेवर होत्या.

त्यांचा जन्म ३० मे १९२६ चा, न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातला. कुटुंब डॅनिश वंशाचे, वडील सुतारकाम आणि बांधकामाच्या व्यवसायात. जन्मनोंद मुलगा म्हणून झाली होती. मराठीत क्रियापदालाही लिंग असल्यामुळे असे चरित्र लिहिताना पहिल्याच वाक्यात बाजू घ्यावी लागते. ख्रिस्तीन यांनी स्वतःला जसे ओळखले, तसाच उल्लेख येथे आरंभापासून केला आहे.

लाजाळू, किरकोळ अंगकाठीच्या या व्यक्तीला १९४५ मध्ये सैन्यात भरती व्हावे लागले. फोर्ट डिक्स येथील लष्करी तळावर कारकुनी करून पुढच्या वर्षी सुटका झाली. ओढ मात्र कॅमेऱ्याची होती. चित्रपटसृष्टीत काम मिळावे म्हणून हॉलिवूडची वारी झाली, छायाचित्रणाचे शिक्षणही झाले. याच काळात संप्रेरकांविषयीचे पॉल द क्रुइफ यांचे पुस्तक वाचनात आले आणि आपल्या मनातील कोंडीला विज्ञानाकडे उत्तर असू शकेल, ही आशा जागी झाली. वैद्यकीय साहाय्यकाचा अभ्यासक्रम करता करता स्त्रीसंप्रेरकांच्या गोळ्या मिळवून त्या स्वतःवरच प्रयोग करू लागल्या. हे धाडस जितके विलक्षण, तितकेच धोक्याचे होते.

१९५० मध्ये नातलगांना भेटण्याचे निमित्त सांगून त्या बोटीने डेन्मार्कला गेल्या. तेथे संप्रेरकतज्ज्ञ डॉ. ख्रिश्चन हॅम्बर्गर यांनी त्यांची चेष्टा न करता प्रकरण हाती घेतले आणि उपचारांचे शुल्कही घेतले नाही. डॅनिश न्याय खात्याची रीतसर परवानगी मिळाल्यावर सप्टेंबर १९५१ मध्ये पहिली, तर नोव्हेंबर १९५२ मध्ये दुसरी शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांच्या नावावरूनच त्यांनी ‘ख्रिस्तीन’ हे नाव घेतले. अशा शस्त्रक्रिया १९३० च्या सुमारास जर्मनीत झाल्या होत्या. लिली एल्बे यांचे उदाहरण युरोपात गाजलेही होते. तरीही अमेरिकन वृत्तपत्रांनी ख्रिस्तीन यांना जगातील पहिली अशी स्त्री ठरवून टाकले.

फेब्रुवारी १९५३ मध्ये त्या मायदेशी परतल्या तेव्हा विमानतळावर वार्ताहर आणि छायाचित्रकारांची झुंबड उडाली होती. हर्स्ट समूहाच्या ‘अमेरिकन वीकली’ने त्यांची जीवनकथा विकत घेऊन क्रमशः छापली. कौतुकाची ही लाट लवकरच ओसरली. एप्रिलमध्ये ‘न्यूयॉर्क पोस्ट’ने लेखमाला चालवून त्या स्त्री नाहीतच, असा निवाडा दिला. त्यांच्या शरीराची तपशीलवार चिकित्सा करण्याचा अधिकार प्रत्येक संपादकाला आपसूकच मिळाल्यासारखे ते दिवस होते.

डेन्मार्कमध्ये असताना त्यांनी त्या देशावर एक रंगीत प्रवासपट चित्रित केला होता. मे १९५३ मध्ये लॉस एंजेलिसच्या ऑर्फियम नाट्यगृहात तो दाखवण्यात आला. पण प्रेक्षक डेन्मार्क नव्हे, ख्रिस्तीन यांना पाहायला आले होते. कॅमेऱ्यामागे उभे राहण्याचे स्वप्न तेथेच मागे पडले. नाव इतके गाजल्यावर साधी नोकरी मिळणे अशक्यच होते. मग त्यांनी व्यवहारी निर्णय घेतला. लोक पाहणारच असतील, तर तिकीट काढून पाहू देत! गाणे, विनोदी संवाद आणि झटपट वेशांतर यांचा कार्यक्रम बसवून त्या नाइट क्लबमधून रंगमंचावर आल्या. गळा बेताचाच होता, मात्र हजरजबाबीपणा आणि घरंदाज रुबाब यांवर त्यांनी पुढे अनेक वर्षे हा व्यवसाय केला. नाटकांतून भूमिका केल्या, १९६२ मध्ये फिलिपिन्समधील एका चित्रपटातही काम केले. मिळकतीतून लाँग आयलंडवरील मॅसापिक्वा येथे घर झाले. ते वडिलांनीच बांधले आणि आई-वडिलांसह त्या तेथे राहिल्या. मुलीला समजून घेण्यास आरंभी अवघड गेलेल्या या जोडप्याने पुढे तिला कधी अंतर दिले नाही, ही गोष्ट त्या काळी फारशी कुणी छापली नाही.

कायद्याचे दार मात्र उघडले नाही. परराष्ट्र खात्याने पारपत्रावर स्त्रीचे नाव दिले होते. पण १९५९ मध्ये विवाहाच्या परवान्यासाठी अर्ज केला, तेव्हा जन्मदाखल्यावर पुरुष अशी नोंद असल्याचे सांगून न्यूयॉर्कच्या अधिकाऱ्यांनी तो नाकारला. त्यांच्या नियोजित वराला या प्रसिद्धीपायी नोकरी गमवावी लागली. हा विवाह झाला नाही आणि ख्रिस्तीन अविवाहितच राहिल्या.

१९६७ मध्ये त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले, डॉ. हॅरी बेंजामिन यांची त्याला प्रस्तावना होती. १९७० मध्ये त्यावर चित्रपट निघाला. त्याच वर्षी अमेरिकेचे उपाध्यक्ष स्पायरो ॲग्न्यू यांनी पक्षातील एका बंडखोर सिनेटरला हिणवण्यासाठी त्यांच्या नावाचा वापर केला. ख्रिस्तीन यांनी उघडपणे माफीची मागणी केली, ॲग्न्यू यांनी ती दिली नाही. मुलाखतकाराने मर्यादा ओलांडली की कॅमेरे चालू असतानाही त्या उठून जात. एका गाजलेल्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात त्यांनी तसे केलेही. सत्तरच्या दशकात महाविद्यालयांमधून व्याख्याने देताना मात्र विद्यार्थ्यांच्या भाबड्या, कधी आगाऊ प्रश्नांनाही त्या न चिडता उत्तरे देत.

या साऱ्यापेक्षा मोठे काम टपालातून झाले. बातमी फुटल्यानंतर डॉ. हॅम्बर्गर यांच्याकडे निरनिराळ्या देशांतून पत्रे येऊ लागली. लिंगबदलाची इच्छा व्यक्त करणाऱ्या ४६५ स्त्री-पुरुषांच्या पत्रांवर त्यांनी १९५३ मध्येच शोधनिबंध लिहिला. आपल्यासारखे दुसरे कुणी या जगात नाही, असे समजून जगणाऱ्यांना त्या सवंग मथळ्यानेच पहिल्यांदा सोबत मिळवून दिली, हा दैवाचा अजब न्याय म्हणावा लागेल. ख्रिस्तीन यांच्याही नावे अशी पत्रे येत राहिली.

३ मे १९८९ रोजी कॅलिफोर्नियातील सॅन क्लेमेंटे येथे कर्करोगाने त्यांचे निधन झाले. त्रेसष्ट वर्षे पूर्ण व्हायला काही आठवडेच उरले होते. त्यांची कागदपत्रे आणि पत्रव्यवहार कोपनहेगनच्या रॉयल लायब्ररीत जतन केलेला आहे.