एकाच पतंगाला दोनदा नाव देणारा फ्रान्सिस वॉकर

भात लावणाऱ्या माणसाला पिवळा खोडकिडा वेगळा सांगावा लागत नाही. अळी खोडात शिरते, गाभा सुकतो आणि लोंबी आलीच तर ती पांढरी, पोचट. म्हणजेच पळींज.

या किडीचं शास्त्रीय नाव आहे स्किर्पोफेगा इन्सर्ट्युलस. त्यापुढे कंसात लिहिलेलं असतं, वॉकर, १८६३.

आता हा वॉकर कोण?

फ्रान्सिस वॉकर. जन्म १८०९ चा, लंडनजवळच्या साउथगेटमधल्या पैसेवाल्या घरातला. १८४८ साली ब्रिटिश म्युझियममधल्या जॉन ग्रेनं त्याला कीटकांची यादी करायला बसवलं. तेव्हा जगभरातून खोकी भरभरून किडे लंडनला येत होते. वॉकरनं पुढची पंचवीस वर्षं तेच काम केलं. नुसत्या पतंगांच्या यादीचे ३५ भाग झाले. त्यानं नवीन म्हणून नावं दिलेल्या कीटकांचा आकडा सुमारे २० हजारांवर जातो.

घोळ इथंच झाला.

आपल्या खोडकिड्याचंच बघा. मादी पिवळी, पंखावर ठळक काळा ठिपका. नर लहान आणि तपकिरी. खोक्यात टाचलेले दोन पतंग बघून ते नवरा-बायको आहेत हे कळणार कसं? वॉकरनं १८६३ मध्येच या एका जातीला दोन वेगवेगळी नावं दिली, तीही दोन वेगळ्या प्रजातींत, म्हणजे कुळांत. असं शेकडो वेळा झालं. निस्तरायला पुढच्या पिढ्यांना घाम फुटला.

५ ऑक्टोबर १८७४ ला वॉकर गेला. एका कीटकशास्त्राच्या मासिकानं मृत्युलेखातही त्याला सोडलं नाही. त्यानं शास्त्राचं अतोनात नुकसान केलं आणि तो वीस वर्षं उशिरा गेला, असाच त्याचा सूर होता.

पण पूर्ण सत्य तेवढंच नाही. त्याची अनेक नावं रद्द झाली, तरी हजारो टिकली. उसाचा शेंडा पोखरणारी कीड आणि गुलाबी खोडकिडा ही नावंही त्याचीच. त्यानं पाहिलेले मूळ नमुने आजही लंडनमध्ये तपासले जातात.

आणि तो कंस? जात खरी, पण नाव देणाऱ्यानं ती दुसऱ्या कुळात टाकली होती, असा त्याचा अर्थ. वॉकरनं या पतंगाला कायलो कुळात बसवलं होतं. कूळ चुकलं, पण नाव राहिलं.