विश्लेषण : अजिंठ्याची चित्रे जगापुढे नेणारा मेजर गिल भुसावळात का विसावला?

भुसावळ म्हटले की आठवते ते रेल्वेचे जंक्शन, केळीच्या वॅगन आणि मे महिन्याचे ऊन. याच शहरातल्या जुन्या युरोपियन दफनभूमीत एका लष्करी अधिकाऱ्याची कबर आहे, हे खुद्द भुसावळकरांपैकीही अनेकांना ठाऊक नसते. मेजर रॉबर्ट गिल हे त्याचे नाव. अजिंठ्याच्या चित्रांच्या मोठ्या आकाराच्या नकला पहिल्यांदा त्याने केल्या. लेण्यांची छायाचित्रे घेऊन ती पुस्तकातून लोकांपर्यंत नेली आणि आयुष्याची शेवटची 34 वर्षे या डोंगरात काढली. आज संग्रहालयाचा अभिरक्षक, म्हणजे क्युरेटर, जे करतो त्यातले बरेचसे तो पगारी शिपाईगिरी करता करता करत होता. नोंद ठेवणे, जपणे, लोकांसमोर मांडणे, ही ती कामे. त्याचे दुर्दैव असे की त्याने रंगवलेले बहुतेक सगळे एका रात्रीत जळून गेले.

गिल अजिंठ्याला आला कसा?

गिलचा जन्म 26 सप्टेंबर 1804 चा, लंडनचा. तरुणपणीच तो ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास फौजेत दाखल झाला आणि 44 व्या मद्रास नेटिव्ह इन्फन्ट्रीत अधिकारी झाला. हात चित्रकलेत चांगला होता, एवढीच त्याची वेगळी ओळख.

अजिंठ्याची लेणी बाहेरच्या जगाला कळली ती 1819 मध्ये. जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीच्या निमित्ताने वाघूर नदीच्या घळीत आला आणि समोरच्या कड्यात त्याला कोरीव कमान दिसली. (आसपासच्या गावकऱ्यांना लेणी कधीच हरवलेली नव्हती, तेव्हा ‘शोध’ हा शब्द जपूनच वापरावा.) त्यानंतर हौशी साहेबांची रीघ लागली. काहींनी आठवण म्हणून भिंतीवरच्या चित्रांचे तुकडे खरवडून नेले. त्यातले बरेचसे वाटेतच भुगा झाले. एक तुकडा फिरत फिरत अमेरिकेत बोस्टनच्या संग्रहालयात पोहोचला.

स्थापत्याचे अभ्यासक जेम्स फर्ग्युसन यांनी 1843 मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीसमोर लेण्यांवर निबंध वाचला आणि ही चित्रे फार काळ टिकणार नाहीत, निदान त्यांच्या नकला तरी करून ठेवा, असा आग्रह धरला. सोसायटीने कंपनीकडे पाठपुरावा केला. 1844 मध्ये कंपनीच्या संचालकांनी होकार दिला आणि कामासाठी गिलची नेमणूक झाली. तो अजिंठ्याला पोहोचला तेव्हा चाळिशीत होता. काम काही वर्षांत उरकेल, अशी वरिष्ठांची समजूत होती.

काम इतके लांबले का?

लेण्यांतली चित्रे युरोपातल्या फ्रेस्कोसारखी ओल्या चुन्यावर काढलेली नाहीत. खडकावर माती, भाताचे तूस वगैरेचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि तो वाळल्यावर रंग, अशी ती पद्धत. गिलावा सुटला की चित्रही त्याच्याबरोबर खाली. त्यावर शेकडो वर्षांचा धूर, वटवाघळांची घाण, पावसाचे पाणी. एकेका भिंतीवर काय रंगवले आहे हे कळायलाच दिवस जात.

उजेड हा दुसरा प्रश्न. विहारांच्या आतल्या भिंतींवर सूर्यप्रकाश थेट पोहोचत नाही. कड्यावरची आग्या मोहोळे तर आजही अजिंठ्याच्या पर्यटकांना पळवतात. तेव्हा परिसरात वाघ होते, लुटारूंची भीती होती. पावसाळ्यात वाघूरला पूर आला की वाट बंद. गिलचा मुक्काम अजिंठा गावातल्या बारादरीत असे. लेण्यात मापे आणि रेखाटने घ्यायची आणि कॅनव्हासवर तैलरंगात मोठ्या आकाराचे चित्र पूर्ण करायचे, अशी त्याची रीत होती.

अजिंठा निजामाच्या राज्यात, घाटाखालचा खानदेश इंग्रजांच्या मुलखात. रंग आणि कॅनव्हास लांबून मागवायचे, चित्र पूर्ण झाले की गुंडाळून बैलगाडीने बंदराकडे आणि तिथून जहाजाने लंडनला रवाना करायचे. असे पाठवता पाठवता जवळपास वीस वर्षे गेली. या काळात तो वाघांचा शिकारी म्हणूनही नावाजला. भारतात राहिलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांत तेव्हा ते भूषण मानले जाई.

कॅमेरा हाती आल्यावर काय बदलले?

1850 च्या दशकात गिलच्या हाती कॅमेरा आला. तेव्हाचे छायाचित्रण म्हणजे काचेच्या पट्ट्या, रसायनांच्या बाटल्या आणि जागेवरच अंधारा तंबू. पट्टी ओली असतानाच प्रकाशचित्र घेऊन धुवावी लागे. खानदेशच्या उन्हाळ्यात हे किती जिकिरीचे, ते वेगळे सांगायला नको.

गिलने मुख्यतः दुहेरी भिंगांचा कॅमेरा वापरला. शेजारी शेजारी घेतलेली दोन चित्रे खास दुर्बिणीसारख्या उपकरणातून पाहिली की दृश्याला खोली येते. आजच्या व्हीआर चष्म्याचा तो पणजोबाच. 1864 मध्ये लंडनमध्ये त्याच्या छायाचित्रांची दोन पुस्तके फर्ग्युसन यांच्या मजकुरासह प्रसिद्ध झाली. एक लेण्यांवर, तर दुसरे शंभर चित्रांचे, पश्चिम भारतातल्या वास्तू आणि प्राणिजीवनावर. वेरूळ आणि लोणारची त्याची छायाचित्रेही उपलब्ध आहेत. त्या काळी एखादे मंदिर किती पडके होते, कुठे झाड उगवले होते, नंतर काय बदलले, हे तपासायला अभ्यासक आजही ती उघडतात.

पण कॅमेऱ्याला एक गोष्ट जमत नव्हती. अंधाऱ्या विहारातली भित्तिचित्रे आणि त्यांचे रंग त्याला टिपता येत नव्हते. रंग होते ते फक्त गिलच्या कॅनव्हासवर.

आगीत नेमके काय गेले?

लंडनच्या सिडनहॅम भागातल्या क्रिस्टल पॅलेस या काचेच्या भव्य प्रदर्शन इमारतीत गिलची बहुतेक चित्रे लावलेली होती. 30 डिसेंबर 1866 रोजी इमारतीच्या उत्तर भागाला आग लागली आणि ती खाक झाली. तिथे नव्हती म्हणून वाचली ती बोटांवर मोजण्याइतकी. ती आता लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. 1856 च्या एका इंग्रजी पुस्तकात त्याच्या नकलांवरून केलेले काही ठसे छापले होते, पण ते लहान आणि बिनरंगी. संपूर्ण मालिकेची रंगीत प्रत कुणी काढून ठेवलेली नव्हती.

गिल तेव्हा बासष्ट वर्षांचा होता. कुणीही हात टेकले असते. तो पुन्हा नकला करायला लागला. सरकारने मात्र गिल हयात असतानाच, 1872 पासून, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या जॉन ग्रिफिथ्स यांच्याकडे हे काम दिले. ग्रिफिथ्स यांनी पेस्तनजी बोमनजी यांच्यासारख्या विद्यार्थ्यांना घेऊन सुमारे 13 वर्षे नकला केल्या. त्यातल्याही अनेक 1885 मध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमधल्या आगीत गेल्या. जपानी चित्रकारांनी नेलेल्या नकला टोकियोच्या 1923 च्या भूकंपात नष्ट झाल्या. यावरून ‘अजिंठ्याचा शाप’ वगैरे कथा रंगतात. त्यात काही अर्थ नाही. तेलाने माखलेले कापड लाकडी चौकटींवर ताणून एकाच इमारतीत टांगले आणि दुसरी प्रत ठेवली नाही, तर एक ठिणगी पुरते.

पारोची गोष्ट खरी किती?

अजिंठा गावात पारोची कबर आहे. लेणापूरची ही स्थानिक स्त्री गिलची सोबतीण होती आणि 23 मे 1856 रोजी तिचा मृत्यू झाला, इतके कबरीच्या आधाराने सांगता येते. गिलचे इंग्रज पत्नीशी लग्न झालेले होते, ती आणि मुले इंग्लंडला परतली होती. ना. धों. महानोर यांनी ‘अजिंठा’ या दीर्घकाव्यातून ही कहाणी मराठी घराघरात नेली. 2012 मध्ये नितीन चंद्रकांत देसाई यांचा त्याच नावाचा चित्रपट आला. या दोन्हींमुळे गिल लोकांच्या लक्षात राहिला, हे खरेच. पण त्यात प्रियकर गिल एवढा मोठा झाला की वीस वर्षे भिंतींसमोर उभा राहून मापे घेणारा गिल मागे पडला. पारोच्या मृत्यूनंतरही तो इथे 23 वर्षे राहिला.

त्याच्याकडून नुकसानही झाले का?

झाले. रंग उजळ दिसावेत म्हणून गिलने आणि त्याच्यानंतर आलेल्या नकलकारांनी मूळ चित्रांवर वार्निश लावले. काळाच्या ओघात ते पिवळे पडले, त्यावर धूळ-काजळी बसली. पुढे 1920 च्या सुमारास निजाम सरकारच्या पुरातत्त्व खात्याने, गुलाम याझदानी प्रमुख असताना, लोरेन्झो चेकोनी या इटालियन तज्ज्ञाला सहकाऱ्यासह बोलावून सुटणारा गिलावा घट्ट बसवून घेतला. त्यांनीही लाखेचे लेप दिले. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांना नंतर कित्येक वर्षे हे जुने थर हळूहळू काढावे लागले. गिलच्या काळी वार्निशचे परिणाम कुणाला माहीत नव्हते, असे त्याच्या बाजूने म्हणता येईल. खरवडून तुकडे नेणाऱ्यांच्या रांगेत मात्र त्याला बसवता येत नाही.

मग भुसावळ कसे आले?

गिल अजिंठ्याला आला तेव्हा भुसावळ हे लहान गाव होते. 1860 च्या दशकात जीआयपी रेल्वे इथे आली, 1867 मध्ये नागपूरचा फाटा सुरू झाला आणि 1870 मध्ये जबलपूरमार्गे मुंबई-कलकत्ता जोडले गेले. लोहमार्गाबरोबर इंग्रज कर्मचारी, त्यांची वसाहत, दवाखाना आणि दफनभूमी आली. घाटावरच्या आजारी माणसाला साठ-सत्तर किलोमीटरवर इंग्रजी उपचार मिळण्याची जागा तीच.

1879 च्या उन्हाळ्यात गिल आजारी पडला. त्याला भुसावळकडे नेले जात असताना 10 एप्रिलला त्याचा मृत्यू झाला. वय 74. दफन भुसावळात झाले. लेण्यांखालून वाहणारी वाघूर घाट उतरून इथूनच जवळ, साकेगावपाशी महामार्ग ओलांडते आणि पुढे तापीला मिळते. अजिंठ्याला येणारे परदेशी पर्यटक जळगाव किंवा छत्रपती संभाजीनगरहून येतात आणि तसेच परततात. फोनवर ब्रिटिश लायब्ररीच्या संग्रहातली गिलची छायाचित्रे शोधली तर लेण्यांचे दीडशे वर्षांपूर्वीचे रूप समोर येते: पायऱ्या नाहीत, कठडे नाहीत, कड्याखाली दरडींचा ढीग आणि कुठेतरी मापासाठी उभा केलेला एखादा माणूस.